दर जुलैत कोंबडे उरतात, दर मेमध्ये गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं: गोम कुठे होती

आमच्याकडे दरवर्षी जुलैत एकच सीन. पाऊस धो धो, अंगणात चिखल, आणि त्या चिखलात वीस-पंचवीस तलंगे, म्हणजे तरणे कोंबडे, एकमेकांचे तुरे फोडत फिरतायत. पहाटे चारपासून आरवणं सुरू, तेही पाळीपाळीने, म्हणजे झोपेचं खोबरं. कणीचं पोतं तळाला गेलेलं. आणि दारात टेम्पोवाला उभा. तो दर सांगत नाही, आधी नुसता हसतो आणि मग म्हणतो, "बाव, श्रावण लागलो, आता कोण खातलो?" की झालं, तो देईल तो भाव घ्यायचा आणि गप्प बसायचं.

गंमत म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी दारात गाडी थांबवून विचारून गेलेले असतात की गावठी कोंबडो आहे का, आणि आमच्याकडे तेव्हा पाळायचे पाच कोंबडे सोडले तर हातभर पिल्लंच. म्हणजे मागणी असते तेव्हा माल नाही, माल असतो तेव्हा मागणी नाही, आणि हे एकदा नाही, सलग तीन वर्षं.

आमचं छोटंच आहे सगळं. सावंतवाडी तालुक्यात गोव्याच्या हद्दीजवळ घर, पंचेचाळीसेक गावठी कोंबड्या, आणि मागे काजूच्या झाडांखाली तीन डुकरिणी, गावठी काळी आणि पांढरी यॉर्कशायर यांच्यातल्या क्रॉस. घरचं खाऊन जे उरतं ते विकायचं, एवढाच धंदा. आम्ही ख्रिश्चन, त्यामुळे श्रावण आमच्या ताटात नसतो, पण गल्ल्यात बरोबर असतो.

पहिली दोन वर्षं मला वाटत होतं की आपल्याला गिऱ्हाईकच मिळत नाही. म्हणून बोर्ड लावला, व्हॉट्सअॅपला रोज स्टेटस टाकलं, सावंतवाडीच्या मंगळवारच्या बाजारात डालगं घेऊन बसलो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही दोनदा जाऊन आलो. फोन यायला लागले हे खरं, पण जुलैत उरायचे ते उरलेच. तुमचंही असंच होत असेल तर आधी एक गोष्ट करा, बोर्ड नंतर. कालनिर्णय काढा आणि मागच्या वर्षभरात कुणी कधी मागितलं आणि तुमच्याकडे तेव्हा काय होतं हे आठवेल तसं त्यावर लिहा. मी हे केलं तेव्हा मम्मी म्हणाली, "अरे पण कोंबड्या बसवतोस तूच ना?" आणि तिथेच उत्तर होतं.

बघा कसं होतं ते. थंडीत कोंबड्या चांगल्या अंडी घालतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत एकामागोमाग एक खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात. खुडूक झाली की आपण लगेच खाली बारा-तेरा अंडी सरकवतो, कारण हाताशी आहे म्हणून. एकवीस दिवसांनी पिल्लं. त्यातली थोडी मुंगूस नेतं, थोडी घार नेते, राहिलेल्यांत साधारण निम्मे नर. गावठी नर खाण्याजोगा व्हायला पाच ते साडेपाच महिने लागतात. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत निघालेलं पिल्लू तयार कधी होणार? ऑगस्टात. म्हणजे बरोब्बर श्रावणात. कुणाला दोष द्यायचा? खुडूक कोंबडीला?

आणि श्रावणाची तारीख दरवर्षी एकच नसते, हे मी सगळ्यात जास्त पैसे भरून शिकलो. २०२३ ला दीप अमावस्या, म्हणजे गटारी, १७ जुलैला होती आणि त्या वर्षी अधिक श्रावण आला, त्यामुळे श्रावण १८ जुलैला लागला तो १५ सप्टेंबरपर्यंत चालला. अधिकात बरीच घरं पाळत नाहीत असं लोक म्हणतात, आमच्या भागात बऱ्याच घरांनी पाळला. माझ्याकडे तेव्हा तेवीस तलंगे. टेम्पोवाल्याने भाव पाडून मागितले म्हणून मी अक्कल चालवली आणि म्हटलं राखतो, गणपतीत चाकरमानी येतील तेव्हा बघू.

आता हा हिशोब नीट वाचा कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. एक मोठा पक्षी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खातो. तेवीस म्हणजे दिवसाला अडीच किलो. साठ दिवसांचे दीडशे किलो. कणी, कोंडा आणि थोडं विकतचं खाद्य मिळून मला किलोला २८ रुपये पडत होते, म्हणजे ४२०० रुपये. नगामागे १८० च्या वर. आणि वजन वाढलं का? जवळपास नाहीच, कारण तेवीस नर एका जागी कोंडले की ते खाल्लेलं सगळं भांडणात घालवतात. दोन मारामारीत गेले, एक भिजून आजारी पडून गेला. गौरीला काही घरांत तिखटाचा, म्हणजे मांसाचा नैवेद्य असतो तेव्हा सहा गेले, मग पितृपक्ष, त्याला लागून १५ ऑक्टोबरला नवरात्र, आणि शेवटी त्याच टेम्पोवाल्याला बोलावलं. त्याने तेव्हाही हसूनच भाव सांगितला.

म्हणजे जुलैत तो नगामागे शंभर-दीडशे कमी देत होता तरी ते घेऊन टाकायला हवे होते. राखून ठेवणं म्हणजे बचत नाही, रोज थोडं थोडं विकत घेणं आहे, आणि तेही आपलाच माल.

मग उपाय काय? उलटं मोजायचं. आधी विकायचा दिवस ठरवायचा, तिथून साडेपाच महिने मागे, आणखी एकवीस दिवस मागे, त्या दिवशी कोंबडी बसवायची. मेमध्ये चाकरमान्यांसाठी पाहिजे तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. गटारीसाठी जानेवारीची सुरुवात ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा, त्या वर्षीची अमावस्या कधी आहे त्याप्रमाणे. २०२४ ला ती ४ ऑगस्टला होती, २०२५ ला २४ जुलैला, यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे १२ ऑगस्टला. म्हणजे लागोपाठच्या वर्षांतसुद्धा दोन-तीन आठवडे इकडेतिकडे, आणि तेवढ्यात तुमचा तलंगा एक तर कच्चा राहतो नाहीतर श्रावणात घुसतो. शिमग्यासाठी सप्टेंबरात बसवायला लागतात, तो सगळ्यात कठीण प्रकार, कारण तेव्हा खुडूक कोंबडी मिळत नाही आणि मिळाली तरी पावसाच्या ओलीत पिल्लांना रक्ती हगवण लागते. मी एक छोटा इनक्युबेटर घेऊन बघितला, साडेसदतीस डिग्री वगैरे सगळं व्यवस्थित होतं, पण लाईट सहा तास गेली आणि अठ्ठेचाळीस अंड्यांतून अकरा पिल्लं निघाली. इन्व्हर्टर असेल तरच त्या वाटेला जा. आमच्यासारख्यांनी शिमग्याचा नाद न केलेला बरा.

अंडी साठवताना सात दिवसांच्या वर जाऊ नका. मातीच्या भांड्यात राख घालून, टोक खाली आणि रुंद बाजू वर, थंड कोपऱ्यात ठेवायची. चार-पाच कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या की सगळा माल एका वयाचा होतो, आणि एका वयाच्या मालाला भाव मागता येतो. मागेपुढे बसवल्या तर एक सव्वा किलोचा, एक दोन किलोचा, मग व्यापारी सगळ्यांचा भाव लहानावर बेततो.

दुसरं म्हणजे निवड लवकर करायची. अडीच-तीन महिन्यांत तुरा लाल व्हायला लागतो, तेव्हाच नर-मादी वेगळी करायची. तलंगी, म्हणजे माद्या, मटणाच्या भावात कधीच विकू नका. पाळायला नेणारं गिऱ्हाईक वेगळं असतं आणि ते जास्त देतं, फक्त लसीकरण विचारतं आणि विचारायलाच पाहिजे. आम्ही मानमोडीच्या दोन लसी देतो, पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी पंखाखाली, तारीख वहीत लिहून ठेवतो आणि ती वही गिऱ्हाईकाला दाखवतो. वही दाखवल्यावर घासाघीस निम्मी होते, अनुभव आहे.

म्हाताऱ्या कोंबड्यांचं वेगळंच. तीन वर्षांच्या पुढची कोंबडी अंडी कमी देते आणि ती तलंग्यांच्या लॉटमध्ये घुसवली की पूर्ण लॉटचं नाव खराब होतं, शिजता शिजत नाही म्हणून फोन येतो. तिचं गिऱ्हाईक म्हणजे रस्सा करणारं, बाळंतिणीच्या घरचं. तिला तेच सांगून विका.

आता वजनाकडे येतो, कारण टाईमिंग बरोबर असूनही पैसे कमी का येतात हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं.

टेम्पोवाल्याकडे स्प्रिंगचा हुकवाला काटा असायचा. तो चार-चार कोंबडे पाय बांधून उलटे अडकवायचा, ते फडफडायचे, काटा नाचायचा, आणि काटा थांबायच्या आत तो आकडा बोलायचा. मी वहीत लिहायचो. एकदा मला काय वाटलं, घरातली न फोडलेली पाच किलो तांदळाची पिशवी आणली आणि म्हटलं, दादा, हीपण जरा लावा. काटा चार किलो चारशेवर थांबला. तो म्हणाला पिशवीतच कमी असेल. मग दुकानात नेऊन मोजली, पाच भरली. बारा टक्के खोट. तेवीस कोंबडे, सरासरी एक किलो सहाशे, म्हणजे जवळजवळ ३७ किलो, त्यातले साडेचार किलो हवेत गेले. ३२० च्या भावाने चौदाशे रुपये. भाव वीस रुपये वाढवून मिळावा म्हणून मी अर्धा तास भांडायचो आणि इथे चौदाशे फुकट जात होते.

त्यानंतर मी स्वतःचा डिजिटल काटा घेतला, आणि गिऱ्हाईकासमोर आधी ती पिशवी लावतो आणि मगच कोंबडा. खरं तर धंद्यातला काटा वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारलेला असावा लागतो, व्यापाऱ्याकडे तो शिक्का आहे का हे विचारायचा आपल्याला हक्क आहे, नुसतं विचारलं तरी काटा जागेवर येतो. आणि पक्षी उलटे टांगू नका, एका पाटीत ठेवा, पाटीचं वजन वजा करा. आकडाही बरोबर येतो आणि जनावराचे हालही होत नाहीत.

आपल्या बाजूनेपण सरळ राहायला हवं हां. विकायच्या सकाळी दाणे चारून गळ्यातली पिशवी टम्म करून वजन वाढवणारे आमच्याच गावात आहेत. व्यापारी हातानेच चाचपतो आणि मग सरसकट पाव किलो कापतो. मी सकाळी फक्त पाणी देतो आणि ते सांगून टाकतो.

"हा खरा गावठी आहे का?" हा प्रश्नही दर खेपेला येतो. चूक लोकांची नाही, बाजारात डीपी क्रॉस, गिरिराज, वनराज असे संकरित पक्षी सगळे गावठी म्हणून खपवतात. ते पक्षी वाईट नाहीत, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठीच काढलेत, वजनपण लवकर घेतात. पण ते ते आहेत आणि गावठी ते गावठी. माझ्याकडे मधे आठ गिरिराज क्रॉस होते, मी त्यांना वेगळं ठेवलं आणि किलोला शंभर कमी लावले. तीन दिवसांत गेले, आणि ते नेणाऱ्यांतलेच दोघं आता कायम गावठी नेतात.

राखणीचं गिऱ्हाईक हा आमच्याकडचा खास प्रकार. जागेवाल्याला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला कोंबडा द्यायचा असतो तेव्हा भाव कोणी विचारत नाही, पण रंग विचारतात. कुणाला तांबडाच पाहिजे, कुणाला पूर्ण काळा, कुणी उलट्या पिसांचा शोधत येतं. एकाने फोनवर सहा सांगितले, मी सहा बाजूला ठेवले, बाजाराचा दिवस सोडला, आणि तो आला तेव्हा म्हणाला तांबडा एकच दिसतो, तोच द्या. चूक माझी, मी फोटो पाठवला नव्हता आणि आगाऊ घेतले नव्हते. तेव्हापासून नगामागे १०० रुपये आधी आणि फोटोवर "हाच" असं लिहून घेतो. ओळखीचा असला तरी घेतो, ओळखीचा असेल तर जास्तच.

आता डुकरं. इथे चूक तीच, फक्त आकडे मोठे.

आमच्याकडे नर नाही, शेजारच्या गावातून आणतो. तो आणायचा म्हणजे टेम्पोभाडं, म्हणून एकदा आणला की तिन्ही डुकरिणींना एकाच आठवड्यात दाखवून घ्यायचं, अशी पप्पांची पद्धत. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांनी विते, म्हणजे ११४ दिवस, फारसं मागेपुढे होत नाही. तर एका वर्षी नर एप्रिलच्या सुरुवातीला आला आणि जुलैच्या शेवटी आठवडाभरात सव्वीस पिल्लं. सगळे खूश. दोन महिन्यांनी दूध तोडलं तेव्हा सप्टेंबर संपत आलेला, घेणारा कोणी नाही, आणि नाताळ आला तेव्हा ती पिल्लं पाच महिन्यांची, चाळीसेक किलोची. म्हणजे ना धड लेतांव (अख्खं भाजायचं कोवळं पिल्लू) ना धड डुक्कर. अख्खं भाजायला मोठी, कापायला लहान. गोव्याहून दोघे येऊन बघून गेले आणि दोघांनी एकच वाक्य सांगितलं, "मार्चात बघूया." मार्चात तर लेंट, चाळीस दिवस आमचेच लोक मांस टाळतात. कोंबड्यांना श्रावण तसा डुकरांना लेंट, हे आम्हाला तरी माहीत असायला नको होतं का!

तर इथेही उलटं मोजायचं. नाताळला सत्तर किलोच्या आसपासचं जनावर पाहिजे तर ते मार्चअखेर-एप्रिलात जन्मलेलं हवं, म्हणजे १ डिसेंबरला नर दाखवला तर २५ मार्चच्या पुढेमागे विते. नाताळला लेतांव पाहिजे, म्हणजे दोन महिन्यांचं आठ-दहा किलोचं पिल्लू, तर ते ऑक्टोबरच्या मध्यात जन्मायला हवं आणि नर २३ जूनच्या आसपास. पिल्लं पाळायला विकायची असतील तर फेब्रुवारी-मार्चची वीत सगळ्यात बरी, कारण नाताळसाठी वाढवणारे लोक एप्रिल-मेमध्ये पिल्लू शोधतात, आणि ईस्टरनंतर लग्नं सुरू झाली की लग्नाआधीच्या रोस विधीच्या जेवणालाही मागणी येते. तिन्ही डुकरिणी एका वेळी कधीच नाही. भाडं दोनदा पडलं तरी चालेल, पण सव्वीस तोंडं एका वेळी नकोत.

दुसरी अडचण वासाची, आणि ही फार कमी लोक बोलतात. आम्ही एक नर नऊ महिन्यांचा करून दिला, वजन मस्त, आणि चार दिवसांनी फोन आला की मांसाला उग्र वास मारतो, गिऱ्हाईकांनी परत आणून दिलं. मला वाटलं कांगावा करतोय. पण खरं आहे ते, वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या नराच्या चरबीत तो वास बसतो आणि मांस तव्यावर पडलं की उठतो. मसाला, व्हिनेगर कशाला दाद देत नाही. म्हणून पाळायला ठेवायचा नसेल तो नर दोन-तीन आठवड्यांचा असतानाच डॉक्टरांकडून खच्ची करून घ्यायचा. मोठा झाल्यावर करायला गेलात तर जखम, ताप, वजन घट, सगळं आलं. खच्ची न केलेला राहूनच गेला असेल तर पाच महिन्यांच्या आत विकून टाका.

वजनाचा खेळ डुकरात जास्त चालतो, कारण उचलून काट्याला लावता येत नाही. व्यापारी कुंपणावरून बघतो आणि "पन्नास" म्हणतो. आपण "साठ" म्हणतो. पंचावन्नला मिटतं. यावर एक शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यायचा, आणि कानांच्या मधल्या जागेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीवरून लांबी. दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर, गुणिले लांबी, गुणिले ६९.३, आलं किलोत वजन. जनावर सरळ उभं पाहिजे, मान खाली घालून खात असेल तर लांबी चुकते, म्हणून मी समोर एक फणसाचा गरा धरतो आणि मम्मी टेप लावते. आमच्या "पन्नास"वाल्याचा घेर ९६ सेंटीमीटर आणि लांबी ९७ भरली, म्हणजे ६२ किलो. व्यापाऱ्याने मानलं नाही. मग काजू खरेदीवाल्याकडचा प्लॅटफॉर्म काटा आणला, वर लाकडी पिंजरा ठेवला, त्यात डुक्कर घातलं, ६३ भरलं. त्यानंतर तो माझ्या टेपवर बोलत नाही.

किलोचा भाव ठरवतानाही जिवंत वजनाचा की मटणाचा, हे आधी तोंडाने बोलून घ्या. ६२ किलोच्या जनावरातून ४३-४४ किलोच मटण हाडासकट निघतं, त्यामुळे "बाजारात डुकराचं मटण इतक्याने विकतात आणि मला एवढेच?" असा वाद घालण्यात अर्थ नाही. पण सत्तरच्या फार पुढे वाढवत बसण्यातही अर्थ नाही, ऐंशी-नव्वदच्या वर गेलं की खाल्लेलं चरबीत जातं आणि लोकांना आजकाल चरबी नको असते.

हॉटेलचं उरलेलं अन्न घालणाऱ्यांना एकच सांगतो, उकळल्याशिवाय घालू नका. आफ्रिकन स्वाईन फिव्हर भारतात पहिल्यांदा २०२० ला आसाम आणि अरुणाचलात आला, २०२२ ला केरळात वायनाडपर्यंत पोचला. माणसाला होत नाही, पण डुकराला औषध नाही, आपल्याकडे लस नाही, आणि रोग निघाला की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात. उरलेल्या अन्नात डुकराच्या मांसाचा तुकडा असला तर त्यातून येऊ शकतो. आणि टेम्पो! तो दिवसभरात दहा गोठे फिरून आलेला असतो. माझ्याकडे आता तो फाटकाबाहेर उभा राहतो, विकायचं जनावर आम्ही फाटकापर्यंत आणतो, आणि एकदा बाहेर गेलेलं जनावर सौदा फिसकटला तरी परत गोठ्यात घेत नाही. शेवटच्या अटीमुळे मी सौदा बाहेर काढायच्या आधीच पक्का करायला शिकलो.

हद्दीपलीकडे पाठवताना पशुवैद्यकीय दवाखान्यातून आरोग्य दाखला आधी घ्या. एकदा आम्ही "जवळ तर आहे" म्हणून तसाच टेम्पो पाठवला, नाक्यावर विचारलं, कागद नव्हता, आणि रात्री अकराला चार डुकरं परत दारात. उन्हाळा असता तर एखादं वाटेतच गेलं असतं, डुकराला घाम येत नाही, दुपारी तर कधीच गाडीत घालू नये. पहाटेची वेळ, आणि रात्रीपासून पोट रिकामं.

अजून एक गोष्ट, जरा नाजूक आहे. आमचा खुराडा आणि डुकरांचा गोठा एकाच बाजूला होता. काही गिऱ्हाईकं, हिंदूही आणि मुसलमानही, डुकरं बघून कोंबडी न घेताच जायची. कोणी बोलून दाखवायचं नाही, "नंतर येतो" म्हणायचे आणि यायचेच नाहीत. ते मला कळायलाच वर्ष लागलं. आता खुराडा रस्त्याच्या अंगाला, गोठा मागे काजूत, मधे जाळी, भांडी वेगळी, कोंबड्या तिकडे जात नाहीत. कोणी विचारलं तर लपवत नाही, डुकरं आहेत म्हणून सांगतो आणि जाळी दाखवतो. डॉक्टर तर म्हणाले रोगाच्या दृष्टीनेही हेच बरोबर, आधीच करायला हवं होतं.

बर्ड फ्लूची बातमी आली की यातलं काहीच चालत नाही. २००६ ला नवापूरला आला तेव्हा पप्पांनी सांगितलेलं, गावात फुकट दिली तरी कोणी कोंबडी घेईना, आणि २०२१ च्या जानेवारीत मी स्वतः बघितलं. नीट शिजवलेल्यातून होत नाही हे सांगून उपयोग नसतो. अशा वेळी विकायचा प्रयत्न न करता पक्षी कोंडून ठेवायचे, नवीन काही आणायचं नाही, आणि खाद्याचा खर्च नाईलाजाने सोसायचा. इथे माझ्याकडे उपाय नाही.

यंदाचं सांगतो. ७ फेब्रुवारीला पाच कोंबड्या एकदम बसवल्या, २८ ला पिल्लं निघाली, घारीने आणि मुंगसाने आपला वाटा घेऊन नर राहिले एकवीस. आज जुलैचा पहिला आठवडा, चौदा जणांचे आगाऊ पैसे आले आहेत, फोटोसकट. तीन कोंबडे टेम्पोवाल्याला गटारीच्या आदल्या आठवड्यात देणार, भाव ठरलाय, काटा माझा. दोन घरी. उरले दोन, त्यातला एक लंगडतो. आणि दुसरा तांबडा आहे, राखणीवाले तिघं येऊन बघून गेले, चांगले पैसे देत होते, पण तो मम्मीच्या हातावरचे दाणे खातो आणि मम्मी म्हणते, "ह्यो खयच जाणार नाय."